फाटकावरचा कॅमेरा आणि वीस सेकंदांचा उशीर

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडायला निमित्त लागत नाही. संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या नक्की किती येतात यावर गेल्या सर्वसाधारण सभेत दीड तास गेला. शेवटी कोणीतरी म्हणालं, "फाटकावर कॅमेरा आहेच, तो मोजेल की." कॅमेरा मोजत नाही, नुसता दाखवतो, एवढं सांगायला मी तोंड उघडलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

दोन रविवार घालवून प्रोग्राम उभा केला आणि लॅपटॉप घेऊन वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. पडद्यावर एक लाल स्कूटर फाटकातून आत शिरली, तिच्याभोवती हिरवी चौकट उमटली, आकडा एकाने वाढला. मी काकांना कौतुकाने म्हटलं, "ही बघा, आत्ता आली." काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. "दादा, ती केव्हाच खाली बेसमेंटात गेली. हेल्मेट काढून लिफ्टपाशी पण पोचली असेल."

घड्याळ लावून पाहिलं. वीस सेकंद. कॅमेरा फाटकावर, लॅपटॉप फाटकावर, मधे जेमतेम पन्नास मीटर केबल, आणि चित्र वीस सेकंद शिळं. इंटरनेट किंवा नेटवर्कवरून येणारा व्हिडिओ प्रोग्रामच्या हातात कसा पडतो हे समजून घ्यायला त्या वीस सेकंदांचा माग काढण्यासारखा दुसरा धडा नाही. तोच इथे काढतो.

सुरुवात शेवटच्या टोकापासून करू, म्हणजे प्रोग्रामला काय हवं असतं तिथून. कॉम्प्युटर व्हिजनच्या प्रोग्रामला चित्र कळत नाही, आकड्यांची सारणी कळते. फुल एचडी कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे १९२० रकाने आणि १०८० ओळी. प्रत्येक घरात ० ते २५५ मधले तीन आकडे, निळ्याचा, हिरव्याचा आणि तांबड्याचा. निळा आधी ही ओपनसीव्ही या लायब्ररीची जुनी खोड. बाकीचं बहुतेक जग तांबड्यापासून सुरू करतं. हे विसरून ओपनसीव्हीची फ्रेम दुसऱ्या एखाद्या लायब्ररीकडे तशीच दाखवायला दिली, की माणसांचे चेहरे निळे पडतात. मला आधी कॅमेराच बिघडला असं वाटलं होतं.

आता गुणाकार करा. १९२० गुणिले १०८० गुणिले ३ म्हणजे ६२ लाख बाइटांच्या वर, आणि ही एक फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर साडेपंधरा कोटी बाइट, म्हणजे सुमारे १२४ कोटी बिट दर सेकंदाला. आमचा कॅमेरा मात्र सेकंदाला साधारण २० लाख बिट पाठवतो. सहाशे पटींहून मोठी ही तफावत कुठे जाते, हे कळलं की पुढची निम्मी दुखणी आपोआप उलगडतात.

जुन्या खतावणीत एकच मजकूर पुन्हापुन्हा आला, की कारकून खाली नुसतं 'कित्ता' लिहीत. व्हिडिओ आवळण्याची एच.२६४ ही पद्धत, जी २००३ साली ठरली आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, मनाने त्याच कारकुनाची आहे. मधूनमधून एक फ्रेम पूर्ण लिहायची, तिला की-फ्रेम म्हणतात. तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त फरक लिहायचा: हा तुकडा इतका उजवीकडे सरकला, तो थोडा उजळला, बाकी कित्ता. फाटकाची भिंत, कमान आणि समोरचं गुलमोहराचं झाड दिवसभर कित्ताच असतं, म्हणून इतकी बचत होते. काही फ्रेम तर आपल्या पुढच्या फ्रेमचाही आधार घेतात. त्यामुळे उलगडणाऱ्याला थोडं थांबावं लागतं, आणि म्हणूनच पाळतीच्या कॅमेऱ्यांत त्या सहसा बंद ठेवतात.

याचा एक परिणाम असा की मधल्या कुठल्याही एका फ्रेमला स्वतःचा अर्थ नाही. वहीचं पान मधूनच उघडलं आणि नुसते कित्ता दिसले तर काय वाचणार? कॅमेऱ्याने दर दोन सेकंदांनी, म्हणजे ५० फ्रेमना एक की-फ्रेम पाठवायची असं ठरलेलं असेल आणि आपण मधेच जोडले गेलो, तर पुढची की-फ्रेम येईपर्यंत चित्र दिसत नाही, किंवा करड्या चिखलात हलणारे ओघळ दिसतात. वाटेत एखादं पाकीट हरवलं तरी तसेच ओघळ येतात आणि पुढच्या की-फ्रेमला पुसले जातात. हा दोष लेन्सचा नव्हे. ती पुसायला चढण्याची गरज नाही.

वही तयार झाली, आता ती आणायची कशी? नेटवर्कच्या कॅमेऱ्यांत सगळ्यांत रुळलेली वाट म्हणजे आरटीएसपी. हा नियम १९९८ साली लिहिला गेला. कोलंबिया विद्यापीठ, नेटस्केप आणि रिअलनेटवर्क्स इथल्या मंडळींनी मिळून. याचं काम टीव्हीच्या रिमोटचं आहे. व्हिडिओ तो स्वतः वाहून आणत नाही, फक्त चालू कर, थांबव असं सांगतो. जोडणी होताना प्रोग्राम आणि कॅमेरा यांच्यात छोटंसं बोलणं होतं. प्रोग्राम विचारतो, तुला काय काय जमतं? मग विचारतो, तुझ्याकडे काय आहे ते सांग. कॅमेरा उत्तर देतो: एच.२६४ मधलं चित्र आहे, वेळ सेकंदाला ९०,००० टिकांच्या घड्याळाने मोजतो. मग वाट ठरते, म्हणजे कुठल्या पोर्टवर आणि कशा रीतीने पाठवू. आणि शेवटी 'प्ले'. त्यानंतर चित्राची पाकिटं आरटीपी नावाच्या दुसऱ्या नियमाने येऊ लागतात, प्रत्येकावर क्रमांक आणि वेळ टाकून.

वाट ठरवताना दोन पर्याय असतात. यूडीपी म्हणजे पेपरवाल्याने चौथ्या मजल्याच्या गॅलरीत पेपर भिरकावणं: झटपट, पण पडला तर पडला. टीसीपी म्हणजे रजिस्टर्ड पोस्ट. पोचल्याची सही मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. हरवलं तर पुन्हा पाठवणार, आणि तोवर मागचं सगळं खोळंबणार. घरातल्या वायफायवर यूडीपीने ओघळ जास्त दिसतात, म्हणून ओपनसीव्ही स्वतः काही न सांगता टीसीपीकडे झुकते. चित्र स्वच्छ येतं. पण या 'खोळंबणार'वर खूण करून ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

पत्त्याबद्दल एक छोटी पण छळणारी गोष्ट. आरटीएसपीच्या पत्त्यात आधी वापरकर्त्याचं नाव, मग पासवर्ड, मग 'अ‍ॅट'ची खूण, त्यानंतर कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता, पोर्ट ५५४ आणि शेवटी वाट. ही शेवटची वाट प्रत्येक कंपनीची वेगळी, ती पुस्तिकेत शोधावी लागते. आमच्या कॅमेऱ्याच्या पासवर्डमध्येच 'अ‍ॅट'ची खूण होती. प्रोग्राम पहिल्या खुणेशीच थांबला, उरलेल्या पासवर्डला कॅमेऱ्याचा पत्ता समजला, आणि असा कोणी सापडत नाही म्हणून सांगत बसला. पासवर्डातल्या त्या खुणेऐवजी टक्क्याची खूण आणि पुढे ४० लिहायचं, हा त्यावरचा उपाय. हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली. म्हणून सांगतो: एक ओळही लिहिण्याआधी तोच पत्ता व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकून पाहा. तिथे चित्र दिसलं तर पुढची चूक आपली. नाही दिसलं तर प्रोग्रामशी झटापट करण्यात अर्थ नाही.

बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह देतात, एक मोठा आणि एक हलका. सगळे मोठ्याच्या मागे लागतात. गाडी ओळखणारी योलोसारखी मॉडेलं चित्र हातात घेतल्याबरोबर ते आक्रसून टाकतात. ६४० बाय ६४० हा नेहमीचा आकार. म्हणजे ६२ लाख बाइट उलगडायचे आणि लगेच त्यातले बहुतेक टाकून द्यायचे. नंबर प्लेट वाचायची नसेल तर हलका प्रवाह पुरतो. मी मोठाच घेतला होता, हौसेला मोल नाही.

आता ओपनसीव्ही. इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्की यांनी १९९९ साली हे काम सुरू केलं, २००० साली ते लोकांसाठी खुलं झालं, आणि आज पायथनमध्ये चित्रावर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत ते असतं. व्हिडिओ आणायचं काम त्यात व्हिडिओकॅप्चर नावाच्या वस्तूकडे आहे. तिला शून्य दिलं तर लॅपटॉपचा कॅमेरा उघडते, फाइलचं नाव दिलं तर फाइल आणि पत्ता दिला तर प्रवाह. वापरणाऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं: उघडा, फ्रेम वाचा, पुन्हा वाचा. ही सोयच पुढे गोत्यात आणते.

कारण व्हिडिओकॅप्चर स्वतः काही करत नाही. ती मुकादम आहे. मागे राबणारे गडी वेगळेच. नेटवर्कवरचा प्रवाह असेल तर बहुधा एफएफएमपेग, म्हणजे फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेला व्हिडिओचा अवजारसंच. कधी जीस्ट्रीमर. लिनक्सवर वेबकॅमसाठी आणखी एक, विंडोजवर आणखी दोन. मुकादमाला तुम्ही एखादी विनंती केलीत आणि हाताखालच्या गड्याला ते काम येत नसेल, तर मुकादम बहुधा गप्प बसतो. म्हणून उघडतानाच कोणता गडी हवा ते स्पष्ट सांगावं. मी सांगितलं नव्हतं.

गप्प बसण्यावरून आठवलं. पत्ता चुकला तर व्हिडिओकॅप्चर ओरडत नाही. वस्तू तयार होते, फक्त उघडलेली नसते. वाचायला गेलात तर दोन गोष्टी मिळतात: 'नाही' असं उत्तर आणि फ्रेमच्या जागी पोकळी. ते 'नाही' न बघता पोकळी पुढे ढकललीत, की दहा ओळी खाली रंग बदलणारी ओळ कोसळते आणि चित्र रिकामं असल्याची तक्रार करते. नवशिके मग रंगाच्या ओळीला दोष देत बसतात. उघडलं का ते विचारणं आणि प्रत्येक वाचनाचं उत्तर तपासणं या दोन सवयी नसतील तर पुढे जाऊ नये.

आता वीस सेकंद.

माझ्या लॅपटॉपला एका फ्रेममधल्या गाड्या ओळखायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे सेकंदाला १० फ्रेम. कॅमेरा पाठवतो २५. फाइल वाचत असतो तर काहीच बिघडलं नसतं. फाइल म्हणजे गच्चीवरची टाकी, आपण नळ हळू सोडला तर पाणी वाट बघतं. प्रवाह म्हणजे महापालिकेचं पाणी: सात वाजता येणार, तुमची बादली तयार असो वा नसो. दर सेकंदाला १५ फ्रेम शिल्लक राहतात. मिनिटभराने १५०० आल्या, मी ६०० वाचल्या. पडद्यावर चोविसाव्या सेकंदाचं चित्र, घड्याळात साठावा सेकंद. ३६ सेकंद मागे. दोन मिनिटांनी ७२.

मग आमचा उशीर वीसवरच का अडला? कारण शिल्लक राहिलेलं कुठेतरी साठावं लागतं आणि त्या जागेला तळ असतो. येणारी पाकिटं ऑपरेटिंग सिस्टिम एका राखीव जागेत, बफरमध्ये ठेवते. ही जागा गरजेप्रमाणे वाढत काही एमबीपर्यंत जाते. आमचा कॅमेरा सेकंदाला अडीच लाख बाइट पाठवतो. पाच एमबी जागा असेल तर त्यात बरोबर वीस सेकंदांचा व्हिडिओ मावतो. ती भरली की टीसीपी कॅमेऱ्याला सांगतं, थांब, इकडे जागा नाही. कॅमेऱ्याकडेही छोटीशीच जागा असते. ती भरली की तो मधल्या फ्रेम टाकू लागतो, नाहीतर चिडून जोडणीच तोडतो. पडद्यावर ते असं दिसतं: वीस सेकंद जुनं चित्र, त्यात अधूनमधून गचके आणि ओघळ, मग काही मिनिटांनी सगळंच ठप्प. मी ही तीन दुखणी तीन वेगळी समजून तीन ठिकाणी औषध शोधत होतो. गंमत अशी की दोष कुणाचाच नव्हता. टीसीपीने एकही पाकीट हरवू दिलं नाही, सिस्टिमने सगळं जपून ठेवलं, आणि प्रोग्रामने इमानेइतबारे ओळीने एकेक फ्रेम वाचली. जपून ठेवण्याचीच ही शिक्षा.

औषध म्हणजे टाकून देणं. मोजणाऱ्या प्रोग्रामला सगळं नको असतं, आत्ताचं हवं असतं. ही गोष्ट हाताला पटायला वेळ लागतो, कारण डेटा टाकू नये हेच आपण शिकलेलो असतो.

शोधायला गेलं की पहिला सल्ला मिळतो, बफरचा आकार एक करा. व्हिडिओकॅप्चरला तशी विनंती करता येते खरी. पण ती ऐकणारे गडी मोजकेच, वेबकॅमवाल्यांपैकी काही. नेटवर्कच्या प्रवाहावर तिचा भरवसा धरू नये. मुकादम इथेही गप्प, त्यामुळे आपण निर्धास्त आणि उशीर तसाच.

खरा उपाय कामाची वाटणी. प्रोग्राममध्ये दोन थ्रेड, म्हणजे शेजारीशेजारी चालणारे दोन धागे, करायचे. एकाने फक्त फ्रेम उपसत राहायचं, थांबायचं नाही, विचार करायचा नाही. त्याच्याकडे एकच पाट. नवी फ्रेम आली की पाटावरची जुनी उचलून फेकायची आणि नवी ठेवायची. दुसऱ्या थ्रेडने सवडीने यायचं, पाटावर जी असेल ती उचलायची आणि गाड्या ओळखायच्या. तो दहा वेळाच आला तरी उचलतो ती ताजीच. दोघांचे हात एकाच वेळी पाटावर पडू नयेत म्हणून मधे कुलूप लागतं. एकाने घेतलं की दुसरा क्षणभर थांबतो. साऱ्या तीसेक ओळी. पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालतो अशी जी ख्याती आहे तिची इथे धास्ती नको. फ्रेम उलगडण्याचं काम पायथनच्या बाहेर, सी प्लस प्लसमध्ये होतं आणि तेवढा वेळ दुसऱ्याला वाट मोकळी मिळते.

काही जण थ्रेड टाळून ओपनसीव्हीची 'ग्रॅब' आणि 'रिट्रीव्ह' ही जोडी वापरतात: चार वेळा ग्रॅब, मग एकदाच रिट्रीव्ह, म्हणजे मधल्या फ्रेम सुटल्या. चालतं. फक्त ग्रॅब फुकट आहे असं समजू नये. एफएफएमपेग मागे असेल तर फ्रेम उलगडण्याचं जड काम ग्रॅबमध्येच होतं; रिट्रीव्हला उरतं ते रंग आणि मांडणी बदलणं. आणि ते तसंच असावं लागतं. मधले कित्ता न वाचता पुढचा कित्ता कळणारच नाही. टाकून देण्याआधी उलगडणं चुकत नाही.

फ्रेम टाकल्याने मोजणी चुकेल का? फाटकातून आत येताना दुचाकीचा वेग ताशी १५ किलोमीटर धरू, सेकंदाला चार मीटरच्या जरा वर. दोन पाहिलेल्या फ्रेमच्या मधे ती ४० सेंटिमीटर सरकते. तीच स्कूटर आहे हे ओळखायला एवढं अंतर काहीच नाही. महामार्गावर ताशी १०० ने जाणारी मोटार त्याच वेळात पावणेतीन मीटर जाईल. तिथे हिशेब पुन्हा मांडावा लागेल. वेग काढायचा असेल तर फ्रेम मोजून वेळ ठरवू नये, घड्याळ बघावं. सेकंदाला किती फ्रेम, हा प्रश्न व्हिडिओकॅप्चरला विचारला तर प्रवाहाच्या बाबतीत ती कधी कधी ९०,००० असं ठणकावून सांगते. कुठून आला हा आकडा? वर आलेल्या त्या घड्याळाच्या टिका.

सगळेच प्रवाह असे हट्टी नसतात. काही साधे कॅमेरे एमजेपेग पाठवतात, म्हणजे एकामागून एक पूर्ण जेपेग फोटो, कित्ता नाहीच. जागा जास्त खातात, पण कुठूनही जोडा, पहिलंच चित्र स्वच्छ. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारं ईएसपी३२ कॅम याच जातीचं. नेटवर्कवर चित्र पाठवण्याच्या उद्योगाची सुरुवात तर याहून साधी होती. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली काही जणांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, कारण जिने चढून-उतरून जायचं आणि भांडं रिकामं निघायचं. १२८ बाय १२८ चं करडं चित्र, मिनिटातून दोनतीनदा बदलणारं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि २००१ मध्ये बंद झालं. त्यांना पाहिजे होतं तेही सगळं नव्हतं. आत्ता कॉफी आहे का, एवढंच.

याच्या अगदी उलटी तऱ्हा मोबाइलवर मॅच दाखवणाऱ्या प्रवाहांची. शेजारच्या घरात डिशवर 'आउट' असा ओरडा होतो आणि आपल्या फोनवर अजून गोलंदाज रनअप घेतोय, हा अनुभव घरोघरी आहे. त्यामागे बहुधा एचएलएस असतं, ॲपलने २००९ साली आणलेलं. यात प्रवाह असा नसतोच. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून साध्या फाइली बनवतात आणि त्यांची एक यादी ठेवतात, जी सतत बदलते. प्लेअर यादी वाचतो, फाइली उतरवतो, पुन्हा यादी वाचतो. फायदा असा की कुठलाही साधा वेब सर्व्हर या फाइली लाखोंना वाटू शकतो आणि कचेऱ्यांच्या फायरवॉलही त्यांना अडवत नाहीत. किंमत वेळेची. ॲपल तुकडा सहा सेकंदांचा ठेवायला सुचवतं, आणि २०१७ साली छापलेल्या नियमात प्लेअरने यादीच्या टोकापासून निदान तीन तुकडे मागे सुरू करावं असं म्हटलं आहे. तीन सक अठरा. इथे उशीर अपघाताने होत नाही, तो ठरवून ठेवलेला असतो. आपला थ्रेड कितीही चपळ असला तरी तो जाणार नाही.

असा प्रवाह ओपनसीव्हीला द्यायचा तर यादीचा पत्ता द्यायचा. एफएफएमपेगला तो कळतो. मात्र फ्रेम एकसारख्या येत नाहीत. तुकडा उतरला की दीडशे फ्रेम धबाधबा येतात, मग सामसूम, मग पुन्हा धबधबा. पाटावर एकच फ्रेम ठेवायची आपली युक्ती इथे अंगाशी येते, कारण धबधब्यातल्या बहुतेक फ्रेम डोळ्यादेखत फेकल्या जातात. एचएलएसला वेगळी शिस्त लागते: फ्रेम छोट्या रांगेत ठेवायच्या आणि त्यांच्यावरच्या वेळेप्रमाणे एकेक सोडायच्या.

यूट्यूबवरचं थेट दर्शन किंवा रस्त्याचा लाइव्ह कॅमेरा याबाबत नेहमीची चूक म्हणजे ब्राउझरमधला पत्ता उचलून व्हिडिओकॅप्चरला देणं. तो पत्ता पानाचा. पानावर व्हिडिओ असतो, पान म्हणजे व्हिडिओ नव्हे. चित्रपटगृहाच्या पत्त्यावर जाऊन भिंतीकडे बघत बसल्यासारखं ते होतं. खरी यादी पानाच्या पोटात असते. ती काढून देणारी यूट्यूब-डीएल आणि तिच्यापासून फुटून निघालेली वायटी-डीएलपी ही अवजारं आहेत. निघालेला पत्ता काही तासांत शिळा होतो, त्यामुळे तो प्रोग्राममध्ये लिहून ठेवण्यात अर्थ नाही, दर वेळी नवा काढावा लागतो. आणि परवानगीशिवाय व्हिडिओ असा उतरवून घेणं यूट्यूबच्या अटींत बसत नाही. प्रक्षेपण आपल्याच मंडळाचं असेल तर एवढा द्राविडी प्राणायाम हवाच कशाला? कॅमेऱ्यापासूनच प्रवाह घ्यावा.

माझ्या दोन थ्रेडांच्या प्रोग्रामने दुसऱ्याच रात्री एक नवीन प्रताप केला. सकाळी नोंदी पाहिल्या तर मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत एक रिक्षा फाटकात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी. काकांना विचारलं. अशी रिक्षा रात्रभर उभी राहिली असती तर त्यांनी मला झोपेतून उठवलं असतं. झालं होतं असं, की रात्री कधीतरी कॅमेऱ्याने मान टाकली. उपसणारा थ्रेड पुढच्या फ्रेमची वाट बघत बसला आणि पाटावर शेवटची फ्रेम तशीच राहिली, रिक्षासकट. ओळखणारा थ्रेड येऊन तीच उचलत होता, सेकंदाला दहा वेळा. म्हणून पाटावर फ्रेमबरोबर तिची वेळही ठेवायची, आणि ती पाच सेकंदांहून जुनी असेल तर तिला चित्र म्हणायचंच नाही.

वाट किती बघायची हेही सांगून ठेवावं लागतं. एफएफएमपेग मागे असताना ओपनसीव्ही आपणहून ३० सेकंद थांबते; ते कमी करता येतं. वाचन फसलं की जुनी जोडणी सोडून द्यायची, सेकंदभर थांबायचं, पुन्हा उघडायचं. फसलं तर दोन सेकंद, मग चार, असं अर्ध्या मिनिटापर्यंत. नुकत्याच चालू होणाऱ्या कॅमेऱ्यावर सेकंदाला शंभर वेळा थाप मारली तर तो उभाच राहत नाही.

आणि कुलपाबद्दल, खऱ्या कुलपाबद्दल. २०१६ साली मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने केलं काय, तर कारखान्यातून आलेले, कोणी न बदललेले पासवर्ड लावून पाहिले. प्रवाह घरून बघता यावा म्हणून राउटरवर ५५४ चं दार जगासाठी उघडणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. तसं करू नये. आमच्या कमिटीशी मी एवढं ठरवून घेतलं की लॅपटॉपवर फ्रेम साठवायच्या नाहीत, फक्त तास आणि आकडा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा हे एक कारण. दुसरं म्हणजे, कोणाकडे कोण किती वाजता आलं याची चित्रं माझ्याकडे असल्याचं एकदा कळलं, की पुढची सभा पार्किंगवर होणार नाही.

सगळं बसल्यावर उशीर नीट मोजायचा होता. त्याची सोपी रीत आहे. एका फोनवर स्टॉपवॉच लावून तो कॅमेऱ्यासमोर धरायचा, शेजारी प्रोग्रामचा पडदा ठेवायचा, आणि दुसऱ्या फोनने दोघांचा एकत्र फोटो काढायचा. काका फोन धरून कॅमेऱ्याखाली उभे राहिले, हात ताठ, शाळेत झेंडा धरावा तसे. फोटोत फोनवर १२.८४ होते आणि पडद्यातल्या फोनवर १२.१९. पाऊण सेकंदापेक्षा कमी. त्यातला काही वेळ कॅमेऱ्याने चित्र आवळण्यात गेला, काही पाकिटांच्या वाटेत, काही उलगडण्यात, आणि सेकंदाचा दहावा भाग गाडी ओळखण्यात.

काकांनी फोटो मोठा करून दोन्ही आकडे वाचले.

"मग त्या दिवशी ती स्कूटर वीस सेकंद ठेवली कुठं होती तुम्ही?"

मी लॅपटॉपवर टिचकी मारली. "ह्याच्या पोटात. पाच एमबीत."